ओळखीचा दुसरा पुरावा

रेकॉर्डसाहेब दुपारचा डबा संपवून टेबल पुसत होते, तेव्हा ती मेल आली. मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात रेकॉर्ड रूम होती आणि त्या रूमचे ते प्रमुख होते. प्रमुख म्हणजे त्यांच्या हाताखाली एक शिडी होती आणि ओल शोषून घेणारं एक यंत्र होतं; माणूस म्हणाल तर ते एकटेच. पण एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही फाइल चुकीच्या हातात पडू दिली नव्हती. एकदा तर खुद्द मुख्य डॉक्टरांनी स्वतःचीच फाइल मागितली, तेव्हा साहेबांनी त्यांच्याकडून रीतसर अर्ज भरून घेतला होता, आणि 'रुग्णाशी नातं' या रकान्यात काय लिहावं यावर दोघांची अर्धा तास चर्चा झाली होती.

मेलचा मजकूर थोडक्यात असा होता: आपल्या सुरक्षिततेसाठी पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून नुसत्या पासवर्डवर खात्यात शिरता येणार नाही. पासवर्डच्या जोडीला ओळखीचा दुसरा पुरावा लागेल. तो न दिल्यास खातं गोठवण्यात येईल. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्हाला तुमची काळजी आहे.'

साहेबांनी मेल दोनदा वाचली, तळघरात कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि मग दचकले.

दचकायला कारण होतं. ते खातं क्रिप्टोकरन्सीच्या एका एक्स्चेंजवर होतं आणि ते आहे हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या पंचाहत्तरीला सगळं सासर जमलं असताना मेहुण्याने सहज विषय काढला होता की, आपणही थोडी क्रिप्टो घेऊन ठेवावी का. साहेबांनी हातातली बशी खाली ठेवून त्याला पाऊण तास समजावलं. जी दिसत नाही, हातात येत नाही, जिला धनी नाही आणि पत्ता नाही अशा वस्तूत पैसे घालणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा चोर असतो, आणि तू चोर नाहीस हे मला माहीत आहे, असा त्यांनी समारोप केला होता. लोक हसले. मेहुणा खाली मान घालून पाणी प्यायला. घरी येताना बायकोने सुद्धा म्हटलं होतं की, बोललात ते बरोबरच होतं, फक्त एवढं बोलायला नको होतं.

आणि त्यानंतर अकरा दिवसांनी साहेबांनी स्वतः ती घेतली. का घेतली हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. मेहुण्याला समजावताना आपण इतकं वाचलं आणि इतकं बोललो की निम्मं आपल्यालाच पटलं, असं काहीतरी झालं असावं. पुढे ती चांगली वाढली. राजवाडा घेण्याइतकी नाही, पण नोकरीतून दोनेक वर्षं आधी सुटावं आणि तळघराबाहेरचा उजेड बघावा, एवढी आशा बाळगण्याइतकी नक्कीच. पण ते बाहेर सांगायचं कसं? मूर्ख की चोर, यातलं एक उत्तर आधी द्यावं लागलं असतं.

तर आता हा दुसरा पुरावा. पुरावा दोन प्रकारे देता येणार होता. एक, आपला फोन नंबर द्यायचा. दर वेळी त्यावर सहा आकड्यांचा कोड येणार. दोन, फोनवर एक ॲप घ्यायचं, जे दर अर्ध्या मिनिटाला नवा कोड दाखवतं. फोन नंबर देणं साहेबांच्या जिवावर आलं. ते मोजे घ्यायला गेले तरी दुकानातल्या मुलीने बिलासाठी नंबर विचारला की म्हणत, "मोजे मला फोन करणार आहेत का?" एका दुकानात तर नंबराशिवाय बिल निघेना, तेव्हा ते मोजे तिथेच ठेवून घरी आले होते आणि सबंध आठवडा भोकाचे मोजे ताठ मानेने घालून फिरले होते. पण ॲप म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि तारीख जवळ येत होती. शेवटी मनावर दगड ठेवून त्यांनी नंबर दिला.

कोड आला. फक्त तो त्यांच्या फोनवर यायच्या आधी स्वयंपाकघरात पोचला. घरात दोघांचा मिळून एक टॅबलेट होता. तो ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेला असे आणि कुठल्याशा सोयीने दोघांचेही मेसेज त्यावर दिसत. ही सोय साहेबांनीच करून घेतली होती. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे, असंही तेव्हा म्हणाले होते.

"अहो," बायकोने आतून हाक मारली, "तुमचा कसला तरी कोड आलाय. चार, शून्य, सात..."

"मोठ्याने वाचू नको," साहेब धावत आत गेले.

"का? कुणाचा आहे?"

"रुग्णालयाचा."

"रुग्णालय रविवारी कोड पाठवतं?"

"आजारपणाला रविवार नसतो," साहेब गंभीरपणे म्हणाले.

बायको शाळेत गणित शिकवायची. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असली तरी ती मार्क कापत असे. इथे तर दोन्ही चुकीचं होतं. पण ती काही बोलली नाही. तिने भाजी चिरणं पुढे चालू ठेवलं, आणि हे न बोलणं साहेबांना दिवसभर पुरलं. संध्याकाळी त्यांनी नंबर खात्यातून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी ते एक्स-रे विभागात गेले. तिथला तंत्रज्ञ क्रिप्टोबद्दल उघडपणे बोलणारा रुग्णालयातला एकमेव माणूस होता. साहेबांनी त्याला विचारलं, पण स्वतःबद्दल नाही. एका दूरच्या नातेवाइकाबद्दल विचारलं.

"नातेवाइकाला सांगा, मेसेजवर अजिबात विसंबू नका," तंत्रज्ञ म्हणाला. "तुमच्या नावाचं सिमकार्ड दुसराच कुणी काढून नेऊ शकतो. ॲप घ्या. आणि तुमच्या नेहमीच्या फोनवर नको, वेगळ्या फोनवर घ्या. त्यात सिमही घालू नका. म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही."

"माझ्या नाही, नातेवाइकाच्या."

"तेच म्हणतोय," तंत्रज्ञ म्हणाला आणि कुणाची तरी फुप्फुसं उजेडावर धरून बघू लागला.

संध्याकाळी घरी परतताना साहेबांना इमारतीच्या जिन्यात खालच्या मजल्यावर राहणारे इन्स्पेक्टर भेटले. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं बघण्याची सवय काही गेली नव्हती. साहेबांनी त्यांना तत्त्व म्हणून विचारलं, की एखाद्या कंपनीने आपल्या रक्षणासाठी म्हणून आपला नंबर, चेहरा, सगळं मागावं, हे तुम्हाला कसं वाटतं?

इन्स्पेक्टर कठड्याला टेकले. "बघा, मी तीस वर्षं पहारे लावले. पहारा लावायचा तर घर कुठलं, आत कोण असतं, कधी बाहेर जातं, हे सगळं लिहून घ्यावं लागतं. आणि एवढं लिहिलेला कागद ज्याच्या हातात पडला त्याला चोरी करायला दुसरं काही लागत नाही. मला चोरांपेक्षा त्या कागदाचीच भीती जास्त वाटायची."

"मग काय करायचं?"

"कागद जपायचा. जपला नाही तर बदली व्हायची," इन्स्पेक्टर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

हे साहेबांना फार पटलं. तळघरातही तेच होतं. फायलीवर काहीच लिहिलं नाही तर ती कायमची हरवते आणि बाहेरूनच सगळं वाचता येईल असं लिहिलं तर शिपायापासून भेटायला आलेल्यांपर्यंत सगळे वाचून जातात. यातला मधला मार्ग त्यांनी एकोणतीस वर्षं काढला होता. तोच आता स्वतःसाठी काढायचा, असं त्यांनी ठरवलं.

त्यांनी बाजारातल्या फोन दुरुस्तीच्या दुकानातून एक जुना फोन घेतला. काचेवर एक तडा होता, पण चालत होता. तळघरात बसून त्यांनी त्यावर ते ॲप घेतलं, खात्याला जोडलं आणि अर्ध्या मिनिटाला बदलणारे सहा आकडे बघत बसले. ते आकडे जगात फक्त आपल्यालाच दिसताहेत या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की आठ-दहा कोड त्यांनी उगाचच जाऊ दिले.

एक्स्चेंजने शिवाय दहा राखीव कोडही दिले होते. फोन हरवलाच तर हे वापरा, आणि सुरक्षित जागी ठेवा, असं बजावलं होतं. सुरक्षित जागेच्या बाबतीत साहेबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी ते कोड सुवाच्य अक्षरात एका कार्डावर लिहिले, कार्ड पाकिटात घातलं, पाकीट एका रिकाम्या फायलीत घातलं, फायलीवर 'संकीर्ण' असं लिहिलं आणि ती फाइल सगळ्यात मागच्या, तीस वर्षांपूर्वीच्या कप्प्यात उभी करून ठेवली. त्या कप्प्याकडे त्यांच्याशिवाय कुणीही फिरकत नसे. फोन त्यांनी घरी बुटांच्या जुन्या खोक्यात ठेवला. एक तारीख आली आणि गेली. जगभर कुणाकुणाची खाती गोठली असतील. साहेबांचं उघडत होतं. त्या महिन्यात ते चालताना थोडे उंच दिसायचे, असं एक्स-रेवाल्याने नंतर सांगितलं.

मग त्यांची दाढ दुखायला लागली. त्याच आठवड्यात जुना फोनही चालू होईना. बुधवारी संध्याकाळी त्यांनी फोन दुरुस्तीवाल्याकडे टाकला आणि दोन दिवस रजा घेऊन गुरुवारी दाढ काढून घेतली. शुक्रवारी गाल फुगलेला, तोंडात कापसाचा बोळा, अशा अवस्थेत ते फोन आणायला गेले.

दुरुस्तीवाल्याने फोन पुसून समोर ठेवला. "बॅटरी बदलली. आणि फार अडकत होता म्हणून आतून पण साफ केला. एकदम नव्यासारखा झालाय बघा."

साहेबांनी फोन चालू केला. फोनने त्यांचं स्वागत केलं आणि कुठली भाषा हवी असं विचारलं.

"यातलं ॲप कुठंय?" बोळ्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"ॲप? मी बुधवारी तुम्हाला विचारलं होतं, आत काही महत्त्वाचं आहे का. तुम्ही म्हणालात, काही नाही. मी परत विचारलं, नक्की? तर तुम्ही म्हणालात, तुम्हाला काय करायचंय." दुरुस्तीवाला माणूस सरळ होता, तो आठवून आठवून सांगत होता. "मग मी पुसून टाकलं."

साहेब शांतपणे घरी आले, कारण दहा राखीव कोड होते. दूरदर्शी माणसाचं असंच असतं, असा विचार करून त्यांनी फुगलेल्या गालावर बर्फ धरला.

शनिवारी सकाळी ते तळघरात उतरले आणि मागच्या कप्प्यापाशी गेले. कप्पा रिकामा होता. म्हणजे त्याच्या शेजारचाही रिकामा होता आणि त्याच्या शेजारचाही. लोखंडी फळ्यांवर धुळीच्या सरळ रेघा उमटल्या होत्या, आणि टेबलावर एक पत्र होतं. 'आपण गेली अकरा वर्षं सातत्याने पाठपुरावा करत असलेल्या, तीस वर्षांपूर्वीच्या फायली नष्ट करण्याच्या प्रस्तावास मंजुरी मिळाली असून, आपल्या रजेच्या काळात, आपणास त्रास होऊ नये म्हणून, सदर काम पूर्ण करण्यात आले आहे. फायलींचे बारीक तुकडे करण्यात आले आहेत.' खाली मुख्य डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'अभिनंदन.'

साहेब शिडीच्या पहिल्या पायरीवर बसले. अकरा वर्षांत दरमहा एक अशी एकशे बत्तीस स्मरणपत्रं त्यांनी त्या कामासाठी पाठवली होती. एकाही स्मरणपत्राची भाषा सौम्य नव्हती.

आता उरला एक्स्चेंजचा मदतकक्ष. तिथे आधी यंत्र होतं. यंत्राने सांगितलं, कॅमेऱ्यात बघा. डावीकडे वळा. उजवीकडे वळा. डोळे मिटा. साहेबांनी रेकॉर्ड रूमच्या ट्यूबलाइटखाली हे सगळं कवायतीसारखं केलं. खातं उघडताना दिलेल्या फोटोत त्यांना मिशी होती. ती त्यांनी पुढे काढली होती. आणि आता डावा गाल उजव्याच्या दीडपट होता. यंत्राने थोडा विचार करून निकाल दिला: 'तुमचा चेहरा तुमच्या चेहऱ्याशी जुळत नाही.' दुसऱ्या खेपेला त्यांनी गाल हाताने दाबून धरला. तेव्हा यंत्र म्हणालं, कृपया जिवंत व्यक्तीने समोर यावं.

सोमवारी एक माणूस मिळाला. माणूस म्हणजे एक मुलगी, आवाजावरून पंचविशीची असावी. तिने नम्रपणे विचारलं, "खातं उघडताना तुम्ही काही खासगी प्रश्नांची उत्तरं दिली होती. तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय होतं?"

"मी कुत्रा कधी पाळला नाही."

"इथे तर उत्तर लिहिलेलं आहे, सर."

साहेबांना आठवलं. एक्स्चेंजला आपल्या कुत्र्याशी काय देणंघेणं, या रागाने त्यांनी सगळ्या प्रश्नांची खोटी उत्तरं ठोकून दिली होती. नसलेल्या कुत्र्याचं नाव, कधीच न गेलेल्या शाळेचं नाव, आणि आवडत्या रंगाच्या जागी त्यांना मुळीच न आवडणारा एक रंग. तो कुठला तेवढं आठवेना, कारण न आवडणारे रंग बरेच होते.

"सर," मुलगी म्हणाली, "रागावू नका. पण तुम्ही इतके नीट लपलायत की आता तुम्ही आम्हाला सापडत नाही."

"मग लपायचं नाही का माणसाने?" साहेबांचा गाल ठणकत होता. "तुम्ही म्हणाल तो नंबर द्या, म्हणाल तो चेहरा द्या. उद्या तुमच्याकडची यादी फुटली तर? माझा पासवर्ड मी बदलेन. चेहरा कसा बदलू?"

मुलगी आवाज थोडा खाली आणून म्हणाली, "यादी फुटणारच नाही असं मी नाही सांगू शकत. मी पण माझा नंबर सगळीकडे देत नाही. पण सर, परवा एका आजींचं खातं कुणीतरी रिकामं केलं. नुसता पासवर्ड होता. त्या मला विचारत होत्या, की तुम्ही मला ओळखत का नाही. त्या दिवसापासून मला वाटतं, थोडं तरी ओळखायला हवं."

एकोणतीस वर्षांत अर्ज भरला नाही म्हणून परत पाठवलेले लोक साहेबांना आठवले, आणि त्यातले सगळेच काही चोर नसतील, असं त्यांना प्रथमच वाटलं.

"एक मार्ग आहे," मुलगी म्हणाली. "आमच्याकडे आधीपासून खातं असलेली, पूर्ण पडताळणी झालेली आणि तुम्हाला किमान दहा वर्षं ओळखणारी एक व्यक्ती आणा. तिने व्हिडिओ कॉलवर आपल्या खात्यातून सांगायचं की, हे तेच. सात दिवसांच्या आत."

एक्स-रेवाल्याचं खातं दुसऱ्याच एक्स्चेंजवर निघालं, आणि तो साहेबांना ओळखत होता चारच वर्षं. इन्स्पेक्टरांना असल्या गोष्टींचा तिटकारा. राहता राहिलं एकच नाव. ते ओठांवर यायला साहेबांना दोन दिवस लागले.

मेहुण्याचं चष्म्याचं दुकान होतं. साहेब गेले तेव्हा तो एका काचेची कड घासत होता. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "या भाऊजी. चष्मा बदलायचाय का?"

"नाही," साहेब बसले. समोर भिंतीवर तीस-चाळीस चौकटी टांगलेल्या होत्या, आणि सगळ्या आपल्याकडेच बघताहेत असं त्यांना वाटलं. "तुला आठवतं का, आईंच्या पंचाहत्तरीला मी तुला काहीतरी बोललो होतो."

"मूर्ख किंवा चोर," मेहुणा काच फुंकत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटून गेलं.

"त्यानंतर अकरा दिवसांनी मी घेतली."

मेहुण्याने यंत्र बंद केलं. बराच वेळ तो साहेबांकडे बघत राहिला, जसा गिऱ्हाइकाचा नंबर काढताना बघतो.

"चारचौघांत बोललो, ते माझं चुकलं," साहेब म्हणाले. "आणि एकट्यात सांगायला तीन वर्षं लावली, ते जास्त चुकलं." मग त्यांनी दाढेपासून कप्प्यापर्यंत सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुझं खातं असेल तर जामीन राहशील का?"

"माझं नाही. तुम्ही बोलल्यावर मी घेतलीच नाही. लोक दुकानात येऊन चौकटी दाखवा म्हणायच्या आधी तेच विचारायचे, की मूर्ख का चोर, काय ठरलं?" तो थोडा हसला. मग काच कापडात गुंडाळत म्हणाला, "भाऊजी, घरी बोलून बघा."

"घरी काय बोलू? तुझ्या ताईला तर यातलं काही माहीत नाही."

"मी काही सांगत नाही. मला सांगू नको असं सांगितलेलं आहे," मेहुणा म्हणाला. "तुम्ही फक्त बोला."

साहेब रमतगमत घरी आले. म्हणजे रस्ता वीस मिनिटांचा होता आणि त्यांनी तो सव्वा तासात पार केला. बायको इस्त्री करत होती. साहेब दारात उभे राहून बोलू लागले, आणि एकदा बोलायला लागल्यावर त्यांनी काही राखून ठेवलं नाही. खातं, रविवारचा कोड, बुटांचं खोकं, 'संकीर्ण', नसलेला कुत्रा. बायको बाही फिरवत, सुरकुती काढत ऐकत होती. कुत्र्यापाशी ती किंचित थांबली.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं आणि आपला फोन आणला. "किती वाजता कॉल लावायचा असतो त्यांना? सहानंतर माणसं भेटतात. मी एकदा लावला होता."

साहेबांना प्रथम काहीच समजलं नाही. मग समजलं, आणि ते पलंगावर बसले. "तुझं खातं आहे?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगणार होते," बायको म्हणाली. "पण मूर्ख आणि चोर यातलं कुठलं निवडावं ते ठरेना. तुम्हाला ही अडचण आली नाही का?"

"तू त्या रविवारी... तो कोड..."

"तो कुठून आला ते आकडे वाचायच्या आधीच वर लिहिलेलं होतं. माझाही तिथूनच येतो. फक्त माझा मी टॅबलेटवर येऊ देत नाही. सेटिंगमध्ये जाऊन एक बटण बंद करायचं असतं."

एक बटण. साहेबांनी त्यासाठी एक फोन, दाढदुखीएवढी काळजी आणि तीस वर्षांपूर्वीचा एक कप्पा खर्ची घातला होता.

सहानंतर कॉल लागला. तीच मुलगी होती. दोघं खाण्याच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसले. बायकोने आपल्या खात्यात शिरताना फोन छातीशी धरला आणि म्हणाली, "तिकडे बघा." साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्या घड्याळाच्या काचेत फोनचं प्रतिबिंब दिसतंय हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"मॅडम, तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?" मुलीने विचारलं.

"सत्तावीस."

"कुठल्याही कागदावर नसलेली अशी एक गोष्ट सांगाल यांच्याबद्दल? म्हणजे मला खात्री पटेल."

बायकोने विचार केला. साहेबांनी डोळे उघडले. नोकरीत कुणाची फाइल उघडली जात असताना ती फाइल ज्याची, तो माणूस कधी समोर नसे. आज प्रथमच ते स्वतः त्या बाजूला बसले होते, आणि आपल्याला इतकी धाकधूक का होते आहे, हे त्यांना कळेना.

"बाहेर निघताना हे दाराला कुलूप लावतात आणि ओढून बघतात," बायको म्हणाली. "मग पायऱ्या उतरून परत येतात आणि पुन्हा ओढून बघतात. तिसऱ्या वेळी मात्र कुलपासाठी येत नाहीत. खालच्या मजल्यावर एक आजारी बाई असतात. त्या जाग्या असतील तर दार किलकिलं असतं. हे काही हवंय का विचारतात. कुणाला कळू नये म्हणून कुलपाचं नाव करतात. त्या बाई इन्स्पेक्टरांच्या बायको. इन्स्पेक्टरांनाही माहीत नाही."

साहेबांचे कान लाल झाले. हे बायकोला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

पलीकडे मुलगी काही टाइप करत होती. "झालं, सर," ती म्हणाली. "तुम्ही सापडलात."

खातं उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. दुसरा पुरावा म्हणून साहेबांनी या वेळी नेहमीच्या फोनवर ॲप घेतलं, आणि राखीव कोडांचं कार्ड बायकोसमोर लिहिलं. शेवटी पडद्यावर एक रकाना आला: आपण स्वतः खात्यात शिरू शकला नाहीत तर कुणाला विचारायचं? विश्वासातल्या व्यक्तीचं नाव द्या. साहेबांनी एकही क्षण न दवडता बायकोचं नाव लिहिलं, आणि लिहिलेलं तिला दिसेल अशा बेताने फोन तिरका धरला.

"बरं," बायको म्हणाली.

"तुझ्या खात्यात कुणाचं दिलंयस?"

"तुमचं नाही."

साहेबांनी विचारलं, "भावाचं?"

"हो. मी घेतली तेव्हा घरात हे बोलता येईल असा तोच होता." ती सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली. "आणि खरं सांगू? तुम्हाला दिलं असतं तर तुम्ही ते इतक्या सुरक्षित जागी ठेवलं असतं की मला परत मिळालं नसतं."

यावर रागवावं, असं साहेबांच्या मनात आलं होतं. पण हसूच आलं, आणि हसताना दाढेची जागा दुखली. "किती आहेत तुझ्या खात्यात?" त्यांनी विचारलं.

"आहेत काही."

"माझ्यापेक्षा जास्त?"

बायकोने उत्तर दिलं नाही. आठ दिवसांपूर्वी त्यांनी हा प्रश्न तीन वेगवेगळ्या रीतींनी पुन्हा विचारला असता. आता त्यांना मेहुण्याचं वाक्य आठवलं, 'मला सांगू नको असं सांगितलेलं आहे.' तो गडी दोन वर्षं ते पाळत होता, आणि आपण दिलेल्या टोमण्याचा सोयीस्कर बदला घेण्याची संधी रोज समोर असताना पाळत होता. अर्ज नाही, शिक्का नाही, शिडी नाही. साहेबांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"तुझ्या खात्यात नाव बदलू नको," ते म्हणाले. "त्याचंच राहू दे."

बायकोने मान हलवली. मग तिने आपली शाळेची पिशवी ओढली आणि उत्तरपत्रिकांचा जाडजूड गठ्ठा बाहेर काढला. वार्षिक परीक्षेच्या होत्या. प्रत्येकीचा वरचा कोपरा दुमडून चिकटवलेला होता, म्हणजे कुणाची ते तपासणाऱ्यालाही कळू नये. सत्तावीस वर्षांत तिने त्या कुणालाच हात लावू दिल्या नव्हत्या.

"उद्या द्यायच्या आहेत," निम्मा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवत ती म्हणाली. "मार्क मी दिलेत. बेरीज तेवढी तपासा."

साहेबांनी चष्मा घातला, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिली उत्तरपत्रिका समोर घेतली. तिचा दुमडलेला कोपरा एका बाजूने सुटत आला होता. त्यांनी तो अंगठ्याने दाबून नीट चिकटवला आणि बेरीज करायला सुरुवात केली.